प्राचीन अरबस्तानातील शिलालेख आणि समाजजीवन : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

इस्लामपूर्व अरबस्तानाचे वर्णन सामान्यतः 'अज्ञानयुग' या एका शब्दात केले जाते. वाळवंटातील खडकांवर कोरलेले हजारो लेख मात्र या वर्णनाशी सहजासहजी जुळत नाहीत. प्रस्तुत शोधनिबंधात उत्तर अरबस्तानातील सफाइटिक लेख हा मुख्य आधार मानला असून हेग्रा येथील नबाती थडगेलेख व दक्षिण अरबस्तानातील राजलेख यांची त्यास जोड दिली आहे. त्यांच्या साह्याने तत्कालीन कुटुंबव्यवस्था, धर्मकल्पना, मालमत्तेचे हक्क आणि साक्षरता यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सफाइटिक, नबाती, मुस्नद, साक्षरता, पशुपालक समाज, अज्ञानयुग.

१. प्रस्तावना

आपल्याकडील इतिहासाच्या अध्यापनात अरबस्तानाचा प्रवेश बहुधा इस्लामच्या उदयाबरोबर होतो. त्यापूर्वीच्या काळासाठी पाठ्यपुस्तकात दोन-तीन परिच्छेद असतात. टोळीयुद्धे, मूर्तिपूजा, मद्यपान आणि निरक्षरता यांचा उल्लेख करून हा काळ 'जाहिलिया' म्हणजे अज्ञानयुग असल्याचे सांगितले जाते आणि विषय पुढे सरकतो. प्रस्तुत लेखिका गेली काही वर्षे पदव्युत्तर वर्गास हा विषय शिकवीत आहे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "या लोकांनी स्वतःविषयी काहीच लिहून ठेवले नाही का?" त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. प्रस्तुत निबंध हा त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

'जाहिलिया' या शब्दाबाबत एक गोष्ट आरंभीच नोंदविणे आवश्यक आहे. हंगेरियन विद्वान इग्नाझ गोल्डझिहर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादन केले की, जुन्या अरबी भाषेत 'जह्ल' हा शब्द 'इल्म' म्हणजे ज्ञान याच्या विरोधी अर्थाने नव्हे, तर 'हिल्म' म्हणजे संयम, धीरगंभीरता याच्या विरोधी अर्थाने वापरला जात असे. हे मत ग्राह्य धरल्यास मूळ आरोप उतावळेपणाचा व अविचाराचा ठरतो, अक्षरशून्यतेचा नव्हे. तरीही निरक्षर अरबस्तानाची प्रतिमा दृढ झाली. नवव्या शतकातील इतिहासकार अल-बलाधुरी याने नोंदविलेल्या एका परंपरेनुसार इस्लामच्या आगमनसमयी कुरैश जमातीत केवळ १७ पुरुषांना लिहिता येत होते. ही परंपरा आणि खडकांवरील लेख यांची सांगड कशी घालावयाची, हा या निबंधातील कळीचा प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) प्राचीन अरबस्तानातील शिलालेखांच्या प्रमुख गटांचा परिचय करून देणे, (ब) या लेखांतून व्यक्त होणाऱ्या समाजजीवनाचे स्वरूप तपासणे, (क) 'अज्ञानयुग' या संकल्पनेची या पुराव्याच्या आधारे चिकित्सा करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित लेखसंग्रह व त्यांवरील संशोधन यांचा आधार घेतला आहे. येथे 'अरबस्तान' ही संज्ञा भौगोलिक अर्थाने वापरली असून तीत द्वीपकल्पाबरोबरच त्यास लागून असलेला सीरिया-जॉर्डनचा वाळवंटी प्रदेशही समाविष्ट आहे.

३. लेखांचे प्रकार व त्यांच्या शोधाचा इतिहास

अरबस्तानातील प्राचीन लेखांची विभागणी स्थूलमानाने तीन गटांत करता येते. पहिला गट दक्षिणेकडील, म्हणजे आजच्या येमेनमधील सबा, मईन, कताबान, हद्रमौत व हिम्यर या राज्यांचा. त्यांची २९ अक्षरांची, रेखीव व भौमितिक घडणीची लिपी 'मुस्नद' या नावाने ओळखली जाते. दुसरा गट उत्तर अरबस्तानातील लिप्यांचा. त्यात दादान (आजचे अल-उला) व तैमा या मरूद्यानांतील नागर लेख आहेत, तसेच भटक्या पशुपालकांचे सफाइटिक, हिस्माइक व 'थमूदिक' लेखही आहेत. यांपैकी 'थमूदिक' ही संज्ञा संशोधकांनी सोयीसाठी योजिलेली आहे. पुरेसे वर्गीकरण न झालेल्या अनेक लिप्या तिच्याखाली एकत्र ठेवल्या गेल्या असून थमूद या जमातीशी त्या सर्वांचा संबंध जोडणे चुकीचे ठरेल. तिसरा गट अरामी परंपरेतील नबाती लेखांचा होय.

या लेखांकडे आधुनिक जगाचे लक्ष एकोणिसाव्या शतकात वेधले गेले. सिरिल ग्रॅहम या इंग्रज प्रवाशाने १८५७ मध्ये दमास्कसच्या आग्नेयेकडील ज्वालामुखीजन्य प्रदेशातील लेखांची माहिती दिली. तेथील 'सफा' या भागावरून 'सफाइटिक' हे नाव रूढ झाले. वस्तुतः बहुतेक लेख सफामध्ये नसून त्याच्या पलीकडे पसरलेल्या काळ्या बेसॉल्ट दगडांच्या 'हर्रा' नामक वाळवंटात आहेत. जोसेफ हालेव्ही व फ्रांझ प्रेटोरियस यांनी लिपीवाचनाचा पाया घातला आणि १९०१ मध्ये एनो लिटमान यांनी ते काम पूर्णत्वास नेले. आजवर ३० हजारांहून अधिक सफाइटिक लेखांची नोंद झाली असून ऑक्सफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या एका संगणकीय लेखसंग्रहामुळे ते अभ्यासकांना उपलब्ध झाले आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इ.स.पू. पहिले शतक ते इ.स. चौथे शतक असा मानला जातो.

४. वाळवंटातील साक्षरता

सफाइटिक लिपीत २८ व्यंजने आहेत; स्वर लिहिले जात नाहीत आणि शब्दांमध्ये अंतरही सोडले जात नाही. लेख उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, तर कधी दगडाच्या आकारानुसार वळसे घेत जातो. शहरापासून दूर, पाणवठ्याजवळ किंवा टेहळणीच्या उंचवट्यावर विखुरलेल्या दगडांवर उंट, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांनी हे लेख कोरले आहेत. कोणत्याही राजाचा आदेश त्यांमागे नाही.

मग त्यांनी लिहावयाचे कारण काय? मायकेल मॅकडोनाल्ड यांनी या प्रश्नाचा मूलभूत विचार केला आहे. त्यांच्या मते या समाजाचा सर्व व्यवहार मौखिक होता. करार, निरोप, हिशेब किंवा काव्य यांसाठी त्यास लेखनाची गरज नव्हती. शिवाय पपायरस महाग होता आणि खापरेही विरळ. विपुल होता तो केवळ दगड, आणि दगडावर पत्र लिहून पाठविता येत नाही. तेव्हा वस्तीतील लोकांशी संपर्क आल्याने कोणीतरी अक्षरे शिकला असावा आणि कळप चरत असतानाच्या दीर्घ, एकाकी वेळात ही कला एकाकडून दुसऱ्याकडे गेली असावी. काही दगडांवर वर्णमालाही कोरलेली आढळते. विशेष म्हणजे या वर्णमालांतील अक्षरक्रम एकसारखा नाही. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या ठरावीक क्रमाऐवजी अक्षरांच्या आकारसाम्यावरून रचलेले क्रमही त्यांत आहेत. हे शिक्षण शालेय नव्हते, असे यावरून अनुमान करता येते.

या समाजात वाचकही होते, याचा पुरावा लेखांतच आहे. अनेक लेखांच्या अखेरीस, हा लेख जो तसाच राहू देईल त्यास सुरक्षितता लाभो आणि जो पुसून टाकील त्यास अंधत्व येवो, अशा आशयाचे शब्द असतात. काही शाप याहून कठोर आहेत. लेख नष्ट करणाऱ्यास त्याच्या प्रिय व्यक्तीनेच थडग्यातून बाहेर फेकावे, असे त्यांत म्हटले आहे. वाचणाराच नसेल तर अशा शापास फारसा अर्थ उरत नाही. म्हणून लेख कोरणाऱ्याने आपल्यामागून त्याच वाटेने येणारा, अक्षरे जाणणारा दुसरा मेंढपाळ गृहीत धरला होता, असे म्हणावे लागते.

५. कुटुंब, ऋतुचक्र आणि शोक

बहुतेक लेखांचा आरंभ 'अमुकचा' किंवा 'अमुककडून' अशा अर्थाच्या एका अक्षराने होतो व त्यानंतर वंशावळ येते. दोन-तीन पिढ्यांची नावे सर्वसामान्य आहेत. काही लेखांत मात्र दहा किंवा त्याहून अधिक पूर्वजांची मालिका आहे. काही जण शेवटी आपल्या कुळाचा निर्देश करतात. 'दैफ' व 'अविध' ही त्यांतील दोन मोठी कुळे होत. स्वतःस 'अरब' म्हणवून घेण्याची रीत या लेखांत जवळजवळ नाही. ओळख सांगावयाची ती बाप, आजा, पणजा आणि कूळ यांच्या नावाने. अरब ही व्यापक ओळख नंतरच्या काळात घडत गेली, या मतास यावरून पुष्टी मिळते.

वंशावळीनंतर लेखक काय करीत होता ते सांगतो. त्याने उंट चारले, मेंढ्या राखल्या, शत्रूवर नजर ठेवली, पावसाची वाट पाहिली. हिवाळा कोठे काढला, आतल्या वाळवंटाकडे केव्हा कूच केले, उन्हाळ्यात कायम पाण्याजवळ केव्हा मुक्काम केला, यांसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत. म्हणजेच 'भटके' या शब्दाने सूचित होणारे स्वैर हिंडणे येथे नव्हते. पाऊस आणि चारा यांच्या मागे जाणारे ते एक आखीव वार्षिक वर्तुळ होते. अनेक दगडांवर उंट, घोडेस्वार व शिकारीची चित्रे असून शेजारी चित्रकाराचे नाव आहे. चित्रावर सही करण्याची ही हौस मोठी बोलकी आहे.

तथापि या लेखांचा गाभा शोकाचा आहे. मृताच्या थडग्यावर दगडांची रास रचीत आणि शोक करणारे आपापल्या नावाचा लेख कोरून त्या राशीत दगड ठेवीत. जेराल्ड लँकेस्टर हार्डिंग यांनी १९५३ मध्ये प्रकाशित केलेली 'हानी' नामक व्यक्तीची समाधीरास हे त्याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. तेथे हानीसाठी शोक केल्याचे सांगणारे लेख मोठ्या संख्येने मिळाले. प्रत्येक दगड म्हणजे एका नातलगाची वा सोबत्याची हजेरीच होय. काही मृतांविषयी, दैवाने त्यांस पाडले, अशा आशयाची शब्दयोजना आढळते. एक सूत्र तर पुनःपुन्हा येते : वाटेवर चुलत्याचा, भावाचा किंवा मित्राचा जुना लेख सापडतो, ती अक्षरे ओळखीची वाटतात आणि सापडणारा त्याच ठिकाणी आपल्या दुःखाची नोंद करतो. इस्लामपूर्व अरबी कसीद्यांचा आरंभ प्रियजनांच्या उठून गेलेल्या मुक्कामाच्या खुणा पाहून होणाऱ्या विलापाने होतो, हे सर्वश्रुत आहे. हा केवळ कवींचा संकेत नव्हता. त्याच्या मुळाशी वाळवंटी जीवनातील प्रत्यक्ष अनुभव होता, असे या लेखांवरून म्हणता येते.

६. धर्मकल्पना

सफाइटिक लेखांतील प्रार्थना थोडक्यात असतात. सर्वाधिक आवाहन 'लात' या देवीस केलेले आहे. तिच्याखेरीज रुदा, शय-अल-कौम, नबात्यांचा दुशरा आणि सीरियातील बाल-शमीन ही दैवते येतात. बाल-शमीन हा आकाशाचा स्वामी असल्याने पावसासाठी त्याची प्रार्थना केली जाई. 'दैफ' व 'अविध' या कुळांच्या भाग्यदेवताही होत्या. मागणे मात्र बहुधा तेच असते : सुरक्षितता, लूट, दुष्काळातून सुटका, शत्रूचा सूड आणि दूर गेलेल्या माणसाची भेट. 'अल्लाह' या नावाचे पूर्वरूपही काही लेखांत व अनेक व्यक्तिनामांत दिसते. कुराणात लात, उज्जा व मनात या तीन देवींचा निर्देश आहे. त्यांपैकी लात व मनात यांची नावे इस्लामपूर्वीच्या कित्येक शतकांच्या दगडांवर वाचावयास मिळतात. येथे परंपरागत साहित्य आणि शिलालेख परस्परांस पूरक ठरतात.

७. साम्राज्यांशी संबंध व कालगणना

या पशुपालकांचे जग बंदिस्त नव्हते. त्यांच्या काही लेखांत वर्षाची ओळख त्या वर्षातील घटनेवरून दिलेली आहे. नबात्यांच्या युद्धाचे वर्ष, कैसराशी संबंधित वर्ष किंवा हेरोदाचा उल्लेख असलेले वर्ष अशी ही पद्धत होती. रोमपासून पळाल्याचे किंवा रोमविरुद्ध बंड केल्याचे उल्लेखही मिळतात. वाळवंटात मेंढ्या राखणाऱ्या माणसास सम्राटाच्या घडामोडींची वार्ता होती आणि ती आपल्या श्रोत्यांनाही ठाऊक असणार, असा त्याचा भरवसा होता. मात्र याच पद्धतीने त्याने एखाद्या कुळावरील संकटाचे वर्षही नोंदविले. साम्राज्याची घटना आणि कुळाची घटना एकाच तराजूत तोलणारी ही कालगणना राजदरबारी इतिहासाहून वेगळी आहे.

८. हेग्रा : मालमत्ता, कायदा आणि स्त्रिया

पशुपालकांच्या लेखांत स्त्रियांनी कोरलेले लेख अत्यल्प आहेत. ही उणीव काही अंशी नबात्यांच्या हेग्रा (अल-हिज्र किंवा मदाइन सालिह) या नगरातील लेख भरून काढतात. सौदी अरेबियातील या स्थळास २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्या देशातील हे पहिलेच स्थळ होय. येथे खडकात खोदलेली १११ भव्य थडगी असून त्यांपैकी ९४ अलंकृत आहेत. तीसहून अधिक थडग्यांच्या दर्शनी भागावर सविस्तर लेख आहेत. ते मुख्यतः इ.स. पहिल्या शतकातील आहेत.

हे लेख स्मरणलेख कमी आणि दस्तऐवज अधिक आहेत. थडगे कोणी बांधले, त्यात कोणास पुरण्याचा हक्क आहे, ते विकता, गहाण ठेवता, भाड्याने वा दान देता येणार नाही, नियम मोडल्यास देवास व राजास किती दंड द्यावयाचा, हे सर्व कायद्याच्या भाषेत नमूद असते. एका लेखात दस्ताची प्रत कैशा या दैवताच्या मंदिरात ठेवल्याचे म्हटले आहे. अनेक पाथरवटांनी आपली नावेही कोरली आहेत.

या थडग्यांच्या मालकांत स्त्रियाही आहेत. कमकम नावाच्या स्त्रीने आपली कन्या कुलैबत हिच्यासह थडगे बांधले. त्याचा काळ नबाती राजा हरितत (चौथा अरेटास) याच्या कारकिर्दीचे नववे वर्ष, म्हणजे इ.स.पू. १ च्या सुमाराचा आहे. त्यात तिने स्वतःची ओळख आईच्या व आजीच्या नावाने दिली आहे. यावरून संपूर्ण समाज मातृवंशीय होता असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु स्त्रीस स्वतःच्या नावे मालमत्ता धारण करण्याचा व तिच्या वारसाविषयी अटी घालण्याचा अधिकार होता, हे निश्चित. इस्लामपूर्व अरब स्त्रीस कोणताही हक्क नव्हता, हे पाठ्यपुस्तकी विधान किमान हेग्रापुरते तरी दुरुस्त करावे लागते.

९. दक्षिणेचे वेगळेपण

दक्षिण अरबस्तानाचे चित्र निराळे आहे. तेथे पाटबंधारे, शेती व सुगंधी द्रव्यांचा व्यापार यांवर उभी असलेली राज्ये होती आणि लेखन हे राज्याचे व मंदिराचे साधन होते. सिरवाह येथील करिबिल वतर या सबाई राजाचा इ.स.पू. सातव्या शतकातील विजयलेख आणि अब्रहाने मारिब धरणाच्या दुरुस्तीविषयी इ.स. ५४८ च्या सुमारास कोरविलेला लेख ही त्याची दोन टोके होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी काड्यांवर व खजुरीच्या देठांवर कोरलेली पत्रे व करारही उजेडात आले. त्यामुळे दगडापलीकडील दैनंदिन लेखनव्यवहाराची जाणीव झाली. धर्माच्या दृष्टीने पाहता, इ.स. ३८० च्या सुमारापासून हिम्यरच्या राजलेखांतून जुनी दैवते लुप्त होतात व 'रहमानान' या एकमेव ईश्वराचे नाव येऊ लागते. म्हणजे एकेश्वरवाद इस्लामच्या दोन शतकांपूर्वीच द्वीपकल्पाच्या दक्षिणेत राजधर्म झाला होता.

१०. लिपीचा पुढील प्रवास

सफाइटिक लिपी चौथ्या शतकानंतर आढळत नाही. आजची अरबी लिपी नबाती लिपीतून उत्क्रांत झाली. या संक्रमणाचा एक टप्पा हेग्रा येथेच आहे. इ.स. २६७ मधील एका लेखात कअब नावाच्या पुत्राने आपली माता रकूश हिच्या थडग्याविषयी लिहिले आहे. लिपी नबाती, परंतु भाषा अरामी शब्दांची सरमिसळ असलेली अरबी. शेजारीच तिचे नाव थमूदिक लिपीतही कोरले आहे. त्यानंतर इ.स. ३२८ चा, १९०१ मध्ये सापडलेला व आज लूव्र संग्रहालयात असलेला नमारा लेख येतो. त्यात इम्रुउल-कैस याचा अरबांचा राजा असा निर्देश आहे. नजरानजवळील हिमा परिसरात सौदी-फ्रेंच पथकास इ.स. ४७० च्या सुमाराचे नबाती-अरबी संक्रमणकालीन लेख मिळाले. इ.स. ६४४ मधील जुहैरच्या लेखात खलिफा उमर यांच्या मृत्यूचा उल्लेख असून तोपर्यंत अरबी लिपी स्थिरावलेली दिसते. ही साखळी पाहता अरबी लेखनाची परंपरा इस्लामबरोबर अकस्मात सुरू झाली, असे म्हणता येत नाही.

११. पुराव्याच्या मर्यादा

शिलालेखांचा उपयोग करताना काही मर्यादा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली, बहुसंख्य सफाइटिक लेखांवर काळाचा निर्देश नाही. दुसरी, हे लेख ठरावीक सूत्रांत बांधलेले आहेत. शोकाचे सूत्र सर्वांचे सारखेच असल्याने व्यक्तीच्या भावनेची खोली त्यावरून मोजता येत नाही. तिसरी, लेखक बहुतांशी पुरुष आहेत. चौथी व सर्वांत महत्त्वाची मर्यादा प्रदेश व काळ यांची आहे. पहिल्या ते चौथ्या शतकातील हर्राच्या मेंढपाळांवरून सहाव्या शतकातील मक्केचे चित्र रेखाटणे योग्य होणार नाही. म्हणून अल-बलाधुरीची परंपरा खडकांनी खोटी ठरविली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि एका नगरातील एका जमातीविषयीचे विधान संपूर्ण अरबस्तानास व सर्व पूर्वकाळास लागू करण्याची आपली सवय मात्र या लेखांनी निश्चितच चुकीची ठरविली आहे.

१२. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) इस्लामपूर्व अरबस्तान एकजिनसी नव्हते. दक्षिणेची कृषिराज्ये, मरूद्यानांतील व्यापारी नगरे आणि उत्तरेचे पशुपालक यांचे समाजजीवन व लेखनाची प्रयोजने भिन्न होती.

२) भटक्या पशुपालकांतही अक्षरज्ञान मोठ्या प्रमाणावर पसरले होते. त्यांचे लेखन राज्यकारभारासाठी नव्हते. स्मरण, शोक, प्रार्थना व विरंगुळा यांसाठी होते.

३) हेग्रा येथील लेख मालमत्तेविषयीच्या प्रगत कायदेशीर जाणिवेची व स्त्रियांच्या मालकीहक्काची साक्ष देतात.

४) लात, मनात ही दैवते, 'अल्लाह' हे नाव, एकेश्वरवाद व अरबी लिपी या सर्वांस इस्लामपूर्व इतिहास आहे. त्याच्या अभ्यासाने इस्लामच्या उदयाचे आकलन अधिक स्पष्ट होते.

साक्षरता म्हणजे राज्य, शाळा व कचेरी, हे समीकरण आपण नकळत स्वीकारलेले असते. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्या लोकांनी हजारो दगड लिहून ठेवले. 'या लोकांनी स्वतःविषयी काहीच लिहून ठेवले नाही का' या विद्यार्थ्याच्या प्रश्नास आता असे उत्तर देता येईल : त्यांनी लिहिले, स्वतःचे नाव, बापाचे नाव, राखलेला कळप आणि गमावलेले माणूस यांविषयी लिहिले, आणि मागून येणाऱ्यास ते पुसू नकोस अशी विनंतीही केली. इतिहासाच्या अध्यापकाने आपल्या शिकवण्यातून ते पुसले जाणार नाही एवढी दक्षता घेणे, हे त्या विनंतीस दिलेले योग्य उत्तर ठरेल.